साथीचे दिवस आणि संस्थांचें बळ

मराठींत 'साथ' हा शब्द दोन अर्थांनीं वापरतात. गांवांत पटकीची वा तापाची साथ आली असें आपण म्हणतों, आणि अडचणीच्या वेळीं शेजाऱ्यानें साथ दिली असेंहि म्हणतों. एक साथ माणसें नेते, दुसरी माणसें राखते. दोन्ही अर्थांच्या मुळाशीं गोष्ट मात्र एकच आहे : माणसें एकमेकांजवळ राहतात. ज्या जवळिकीमुळें रोग एका घरांतून दुसऱ्या घरांत जातो, त्याच जवळिकीमुळें भाकरीहि एका घरांतून दुसऱ्या घरांत जाते. साथीचा रोग समाजापुढें जो पेंच उभा करतो तो हाच कीं, जवळीक तोडावी तर मदत तुटते, आणि राखावी तर रोग पसरतो. या पेंचांतून एखाद्या समाजानें कसा मार्ग काढला हें पाहणें म्हणजे त्या समाजाच्या संस्थांचा इतिहास पाहणेंच होय.

२०२० व २०२१ या दोन वर्षांतील कोरोनाच्या साथीस आतां कांहीं काळ लोटला आहे. मुखपट्ट्या फडताळांत गेल्या, आंकडे विस्मरणांत गेले, आणि सभासमारंभांतून एक वाक्य मात्र वारंवार ऐकूं येतें : 'आमच्या लोकांनीं फार चिवटपणा दाखविला.' वाक्य खोटें नाहीं. पण तें अपुरें आहे, आणि अपुरें सत्य पुष्कळदां फार सोयीचें असतें. चिवटपणा मराठवाड्याच्या काळ्या मातींतून आपोआप उगवत नाहीं. तो कोठें तरी आधीं सांठवावा लागतो, आणि त्याचा खर्चहि कोणास तरी सोसावा लागतो. तो कोठें सांठला होता आणि त्याचा खर्च कोणीं सोसला, एवढाच प्रश्न या लेखांत विचारावयाचा आहे. प्रस्तुत लेखकाचें अध्यापनांतील आयुष्य नांदेड व लातूर या दोन जिल्ह्यांत गेलें. तेव्हां उदाहरणेंहि मुख्यत्वें तेथचींच घेतलीं आहेत.

प्रथम थोडें मागें जावें लागेल. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीच्या तापाचा रोगी ओळखला, आणि पाहतां पाहतां प्लेगानें पश्चिम हिंदुस्थान व्यापला. १८९७ च्या फेब्रुवारींत इंग्रज सरकारनें साथीच्या रोगांचा कायदा केला. अवघ्या चार कलमांच्या या कायद्यानें अधिकाऱ्यांस प्रवास अडविण्याचे, घरांची झडती घेण्याचे व माणसें वेगळीं काढण्याचे जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यांत रँडसाहेबाच्या हाताखालीं हे अधिकार कसे वापरले गेले, गोरे शिपाई लोकांच्या स्वयंपाकघरांपर्यंत व देवघरांपर्यंत कसे शिरले, आणि २२ जून १८९७ च्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर त्याचा परिणाम काय झाला, हें मराठी वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्यास सर्व अधिकार होते, त्यास कोणी राजीखुषीनें दार उघडीना. याच सुमारास पुण्याबाहेर माळावर सावित्रीबाई फुले यांचे पुत्र डॉ. यशवंतराव यांनीं प्लेगाच्या रोग्यांकरितां दवाखाना घातला होता. एका रोगी मुलास उचलून त्या दवाखान्यांत आणतांना सावित्रीबाईंस बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या.

एकाच शहराच्या परिसरांत, एकाच वर्षाच्या पूर्वार्धांत घडलेल्या या दोन गोष्टी शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. एकीकडे कायदा होता आणि विश्वास नव्हता. दुसरीकडे कायद्याचें पाठबळ नव्हतें, पण लोक आपलीं मुलें ज्यांच्या हातीं देत होते अशीं माणसें होतीं. साथीच्या काळांत विश्वास हें पहिलें औषध असतें, आणि ओढवण अशी कीं, तें साथ आल्यावर तयार करतां येत नाहीं. सावित्रीबाईंच्या घराचें आणि शाळेचें दार गोरगरिबांनीं जवळजवळ पन्नास वर्षें उघडें पाहिलें होतें. दवाखाना नवा होता. दार जुनेंच होतें.

नांदेड व लातूर हीं ठिकाणें तेव्हां निजामाच्या राज्यांत होतीं. लातूर हा तर स्वतंत्र जिल्हाहि नव्हता. तो १९८२ सालीं झाला. पण रोगाला राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. प्लेग निजामाच्या मुलुखांतहि शिरला आणि पुढें कित्येक वर्षें अधूनमधून येत राहिला. त्या काळीं खेड्यांनीं जो उपाय केला तो सर्व महाराष्ट्रांत सारखाच होता. घरांत उंदीर पडूं लागले कीं गांव उठे. शेतांत, माळावर कुडाच्या झोपड्या पडत, आणि रोग ओसरेपर्यंत चुली तेथेंच पेटत. उंदरावरील पिसवा प्लेग पसरवितात हें पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यानें १८९८ सालीं कराचींत दाखविलें. त्याचें म्हणणें विद्वानांच्या गळीं उतरण्यास आणखी कांहीं वर्षें गेलीं. परंतु उंदीर पडला म्हणजे घर सोडावें, इतकें ज्ञान खेड्यांतील माणसांनीं अनुभवानें आधींच मिळविलें होतें.

हा उपाय शहाणपणाचा होता यांत शंका नाहीं. पण त्याकडे नुसत्या कौतुकानें पाहणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाहीं. गांव उठून शेतांत जाऊं शकत असे तें ज्याचें शेत होतें त्याचें. रिकाम्या गांवाची राखण, निरोप पोंचविणें, सरणाचीं लांकडें वाहणें हीं कामें परंपरेनें ज्यांच्या वांट्यास आलीं होतीं, त्यांची वस्ती मूळचीच वेशीबाहेर. साथीच्या दिवसांत त्यांचीं कामें वाढत, हक्क मात्र वाढत नसत. गांवाचा चिवटपणा म्हणून आपण ज्याचा गौरव करतों, त्याचा बराचसा भाग अशा माणसांच्या खांद्यावर होता. ही गोष्ट पुढें पुन्हां आठवावी लागणार आहे, म्हणून येथें नोंदवून ठेवतों.

प्लेगानंतर वीस-बावीस वर्षांनीं १९१८ सालीं इन्फ्लुएंझाची साथ आली. लोकांनीं तिला 'मानमोडी' हें नांव दिलें. प्लेग निदान उंदरांकरवीं सूचना देत असे. मानमोडीनें कसलीच सूचना दिली नाहीं. शेतांत जाऊनहि तिच्यापासून सुटका नव्हती, कारण ती माणसाच्या श्वासाबरोबरच शेतांत जाई. त्यांत त्या वर्षीं पाऊस बुडाला. एकट्या हिंदुस्थानांत या साथीनें एक कोटीहून अधिक माणसें नेलीं. १९११ पासून १९२१ पर्यंतच्या दशकांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजीं किंचित् घटली. खानेसुमारीच्या आजवरच्या इतिहासांत असें दशक दुसरें नाहीं. माझी आजी त्या वेळीं सात-आठ वर्षांची होती. इसवी सन तिला ठाऊक नसे. कोणाचें वय काढावयाचें झालें कीं ती म्हणे, 'तो मानमोडीच्या आधीं दोन वर्षांचा.' यापलीकडे तिनें त्या सालाविषयीं कधीं कांहीं सांगितलें नाहीं.

तिच्या या मौनाचा अर्थ मला फार उशीरां कळला. मराठवाड्याच्या खेड्यांत त्या काळीं शिकलेला डॉक्टर विरळा, छापखाना विरळा, आणि राज्याचा कारभार उर्दूंत चालत असल्यामुळें मराठी शाळाहि विरळाच. पुण्यामुंबईच्या प्लेगाचीं वर्तमानपत्रें, अहवाल, आठवणी, चरित्रें असें विपुल वाङ्मय आपणांपाशीं आहे. इकडच्या दुःखाची नोंद म्हणावी तर एखाद्या आजीच्या कालगणनेंत उरली आहे. ज्या समाजापाशीं संस्था नसतात त्याचीं माणसें अधिक मरतात. पण त्याचबरोबर त्यांच्या मरणाची नोंदहि राहत नाहीं, आणि नोंद नाहीं म्हणून पुढची पिढी कांहीं शिकत नाहीं. संस्था माणसांस वांचवितात. शिवाय त्या माणसांची आठवणहि राखतात. हैदराबाद संस्थान १९४८ सालीं मुक्त झाल्यावर मराठवाड्यानें महाविद्यालयें, रुग्णालयें व वसतिगृहें उभारण्याची जी घाई केली, तिच्यामागें ही जाणीव असली पाहिजे.

त्या घाईचें एक चांगलें फळ लातुरास पाहावयास मिळतें. १९६६ सालीं डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी डॉक्टर यांनीं तेथें विवेकानंद रुग्णालय सुरू केलें. लातूर त्या वेळीं डाळी व तेलबिया यांची एक व्यापारी पेठ होती. मोठ्या शहरांत व्यवसाय करणें शक्य असतां या डॉक्टरांनीं आडवळणाचें गांव निवडलें. रोजचा ताप, रोजचीं बाळंतपणें, रोजचे अपघात यांतच त्यांचीं वर्षें गेलीं. इतिहासांत नोंद व्हावी असें त्यांत कांहीं घडत नव्हतें. परंतु एक संस्था रोज उघडत होती, आणि कोणत्या दारीं जावें हें पंचक्रोशीस कळत होतें.

सत्तावीस वर्षांनंतर, ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे चारच्या सुमारास, किल्लारी व सास्तूर यांच्या परिसरांत धरणी हादरली. आदल्या दिवशीं अनंत चतुर्दशी होती. गणपति बोळवून माणसें नुकतींच निजलीं होतीं. जाड दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, हें येथील घर उन्हाळ्यांत थंडावा देई. त्याच माळवदाखालीं आठ ते दहा हजार माणसें गाडलीं गेलीं. बावन्न गांवें उद्ध्वस्त झालीं. भूकंप हा कांहीं रोग नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु धरणी स्थिर झाली कीं दुसऱ्या घटकेपासून उरतो तो आरोग्याचाच प्रश्न : जखमी, प्रेतें, पिण्याचें पाणी, आणि त्या वेळीं वरून कोसळणारा पाऊस. या दिवसांत जखमींच्या सेवेंत विवेकानंद रुग्णालय आघाडीवर राहिलें. तें त्या दिवसासाठीं उभारलेलें नव्हतें. परंतु शस्त्रक्रियेचें टेबल, रोग्यांची नोंदवही, एकमेकांच्या हाताची संवय झालेलीं माणसें, हें सर्व तेथें आदल्या रात्रींहि होतें. संकटांत धांवून जाणारे पुष्कळ असतात व ते वंदनीयहि असतात. पण धांवून येणाऱ्यास उतरावयास एक उभें घर लागतें.

पुढील पुनर्वसनाच्या कामांत आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी बोलली जात नाहीं. सरकारनें जागतिक बँकेच्या साहाय्यानें घरबांधणीचा मोठा कार्यक्रम हातीं घेतला, तेव्हां घरें दुरुस्त करणाऱ्या गांवांत महिला मंडळांतील बायकांस 'संवाद सहायक' म्हणून नेमण्यांत आलें. ज्या बायका कालपर्यंत चावडीसमोरून पदर सांवरून जात, त्या आतां गंवड्याबरोबर भिंतीची मजबुती तपासूं लागल्या. हें एका दिवसांत झालें नाहीं, आणि सगळीकडे झालें असेंहि नाहीं. परंतु भूकंपाच्या ढिगाऱ्यांतून या भागानें जें कांहीं मिळविलें, त्यांत हें मला सर्वांत टिकाऊ वाटतें, कारण घर एकदां बांधून होतें. घराविषयीं बोलण्याचा अधिकार मात्र पुढेंहि उपयोगी पडतो.

लातूरच्या नशिबीं तिसरी परीक्षा पाण्याची होती. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें. मार्चमध्यें पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. १२ एप्रिल रोजीं मिरजेहून कृष्णेचें पाणी घेऊन 'जलदूत' नांवाची आगगाडी लातुरास आली. सुमारे साडेतीनशें किलोमीटरांवरून आणलेलें तें पांच लाख लिटर पाणी होतें. पुढें पन्नास वाघिणींची गाडी पंचवीस लाख लिटर आणूं लागली, आणि हें पावसाळा स्थिरावेपर्यंत चाललें. आगगाडीचीं छायाचित्रें देशभर गाजलीं. त्याच उन्हाळ्यांत लातूरकरांनीं वर्गणी काढून मांजरा नदीचें पात्र रुंद व खोल केलें, ही गोष्ट तितकी गाजली नाहीं. 'जलयुक्त लातूर' या नांवानें चाललेल्या त्या कामाच्या पुढाऱ्यांत पन्नास वर्षांपूर्वीं रुग्णालय सुरू करणारे डॉ. कुकडे होतेच. आगगाडी थांबली कीं तिचें काम संपतें. खोल झालेली नदी पुढच्या पावसाची वाट पाहत राहते. दोन्ही आवश्यक होत्या, पण त्यांतील फरक ओळखला पाहिजे. चारच वर्षांनीं, कोरोनाच्या दिवसांत, घडोघडीं वीस सेकंद हात धुण्याचा उपदेश देशभर होऊं लागला. नळाला आठवड्यानें पाणी आलेलें ज्यांनीं पाहिलें होतें, त्यांनीं तो उपदेश कोणत्या मुद्रेनें ऐकला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

आतां नांदेडकडे वळूं. ७ ऑक्टोबर १७०८ रोजीं गुरु गोविंदसिंग यांनीं गोदाकांठच्या या गांवीं देह ठेवला. महाराजा रणजितसिंगांच्या आश्रयानें १८३२ ते १८३७ या काळांत तेथें आजचा सचखंड गुरुद्वारा उभा राहिला, आणि तेव्हांपासून पंजाबची एक वाट कायमची नांदेडास येऊन मिळाली. गुरुद्वाऱ्याचा लंगर हा येथील नित्याचा व्यवहार आहे. पंगतींत कोण कोणाशेजारीं बसला याची चौकशी नाहीं, जात नाहीं, पैसा नाहीं. नांदेड–अमृतसर धांवणाऱ्या सचखंड एक्सप्रेसच्या प्रवाशांसहि वाटेंतील स्थानकांवर लंगराचें अन्न मिळतें. सुमारे दोन हजार किलोमीटरांचा प्रवास डबा न बांधतां करतां येईल अशी आगगाडी देशांत दुसरी क्वचितच असेल.

२०२० च्या मार्चमध्यें होळ्याच्या उत्सवासाठीं पंजाबांतून यात्रेकरू आले होते. तेवढ्यांत महाराष्ट्रांत साथीच्या रोगांचा तोच १८९७ चा कायदा लागू झाला, २२ मार्चला गाड्या थांबल्या, आणि दोन-तीन दिवसांत देशभर टाळेबंदी झाली. सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडांत अडकून पडले. परगांवीं अडकलेल्या माणसांचे त्या दिवसांत देशभर काय हाल झाले, तीं पायीं चालणारीं कुटुंबें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. नांदेडच्या या यात्रेकरूंस मात्र महिनाभर निवारा आणि दोन वेळचें अन्न यांची चिंता पडली नाहीं. इतकेंच नव्हे, तर गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरांतून शहरांतील गरजूंसहि अन्न जात राहिलें. यासाठीं कोणास नवी योजना आंखावी लागली नाहीं. रोज हजारों अनोळखी माणसांसाठीं कणीक मळणाऱ्या हातांना आणखी कांहीं हजार जड झाले नाहींत. जी गोष्ट इतर शहरांत मोहीम म्हणून सुरू करावी लागली, ती येथें नित्यनेम म्हणून चाललेलीच होती.

परंतु या गोष्टीचा उत्तरार्ध सांगितल्यावांचून ती खरी होत नाहीं. एप्रिलच्या अखेरीस पंजाब सरकारनें बसगाड्या पाठवून यात्रेकरूंस नेलें. घरीं पोंचल्यावर त्यांतील हजारांहून अधिक जणांस कोरोनाची बाधा झाल्याचें तपासणींत दिसून आलें. लागलीच वाद पेटला. रोग नांदेडांत जडला कीं वाटेंत, कीं पंजाबांतच, यावरून दोन राज्यांचे मंत्री एकमेकांस दोष देऊं लागले. मेच्या आरंभीं नांदेडच्या लंगर साहिब गुरुद्वाऱ्यांतील सुमारे वीस सेवेकऱ्यांसहि बाधा झाल्याचें आढळलें. ज्या पंगतीची कालपर्यंत स्तुति होत होती तीच आतां संशयाचें स्थान झाली. या लेखाच्या आरंभीं जो पेंच सांगितला तो हाच. अन्न देणारी जवळीक आणि रोग देणारी जवळीक या दोन नव्हत्या. सेवेकऱ्यांस बाधा झाली ती कांहीं गुन्हा केल्यामुळें नव्हे. ते महिनाभर माणसांच्या जवळ राहिले होते म्हणून. येथें खरी उणीव होती ती वेळेवर तपासणी करण्याच्या साधनांची, आणि तीं पुरविणें हें स्वयंपाकघराचें काम नव्हतें.

दुसऱ्या वर्षीं मात्र संस्थेच्या शिस्तीचीच परीक्षा झाली. साथीची दुसरी लाट नांदेडांत भयंकर होती, म्हणून जिल्ह्यांत पुन्हां टाळेबंदी होती. होळ्याची मिरवणूक आवारांतच काढावयाची असें ठरलें असतां २९ मार्च २०२१ रोजीं जमावानें अडथळे मोडून पोलिसांवर हल्ला केला व कांहीं पोलिस जखमी झाले. ही घटना झांकून संस्थेचें गुणगान करणें मला योग्य वाटत नाहीं. एका वर्षाची पुण्याई दुसऱ्या वर्षीं आपोआप कामास येत नाहीं, आणि संस्थेचें बळ हें ठेवीसारखें नसून शेतासारखें आहे, एवढें यावरून ध्यानांत घ्यावें. दर हंगामास नांगरट करावीच लागते.

विद्येच्या संस्थांनींहि त्या दिवसांत एक चांगला दाखला घालून दिला. नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ सालीं स्थापन झालें. तेथील जीवशास्त्राच्या विभागांत वनस्पति व जंतु यांच्या अभ्यासासाठीं जीं यंत्रें होतीं, तींच यंत्रें आणि तींच तरुण संशोधकांचीं कौशल्यें कोरोनाची तपासणी करण्यास जुंपलीं गेलीं, आणि विद्यापीठांत मान्यताप्राप्त तपासणी-केंद्र सुरू झालें. शुद्ध विद्येचा व्यवहारांत उपयोग काय, असें विचारणाऱ्यांस याहून चांगलें उत्तर मिळणार नाहीं. ज्या दिवशीं तीं यंत्रें विकत घेतलीं, त्या दिवशीं हा खर्च कशासाठीं, असें विचारणारा कोणी तरी असेलच.

आणि खेड्यांत? तेथें १८९७ सालचेंच दृश्य पुन्हां दिसलें. पुण्यामुंबईहून परतलेल्या मुलांस गांवच्या शाळेंत चौदा दिवस ठेवीत. कित्येक कुटुंबें आपल्या शेतांतील आखाड्यावर जाऊन राहिलीं. भिंतीआडून जेवणाचा डबा ठेवणारी आई आणि दुरूनच हात जोडणारा मुलगा हें चित्र ज्यांनीं पाहिलें ते विसरणार नाहींत. या सर्व व्यवस्थेची नोंद ठेवणारी, घरोघर जाऊन ताप पाहणारी, घरच्यांची बोलणीं व परक्यांचा संशय सोसणारी व्यक्ति होती गांवची आशा कार्यकर्ती. सप्टेंबर २०२० मध्यें 'माझें कुटुंब, माझी जबाबदारी' ही राज्यव्यापी मोहीम निघाली तेव्हां तिच्या कामाचा मोठा भार याच बायकांवर पडला. सरकारच्या लेखीं त्या नोकर नव्हेत, स्वयंसेविका. म्हणून त्यांना पगार नव्हे, मानधन. अखेर जून २०२१ मध्यें राज्यांतील सुमारे सत्तर हजार आशा कार्यकर्त्यांस त्या मानधनासाठीं संप करावा लागला. पुढील वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें भारताच्या आशा कार्यकर्त्यांचा गौरव केला. वेशीबाहेरच्या वस्तीविषयीं जें वर नोंदवून ठेवलें, तें येथें आठवावें. शंभर-सव्वाशें वर्षांत साथीचें नांव बदललें, औषध बदललें. परंतु गांवाच्या चिवटपणाचा खर्च ज्यांच्याकडून घ्यावयाचा ती रीत पुरती बदललेली नाहीं.

या विचारास एका घटनेनें अधिकच धार आणली. १९८८ सालीं स्थापन झालेलें नांदेडचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय हें आज डॉ. शंकरराव चव्हाण यांच्या नांवानें ओळखलें जातें. कोरोनाच्या दोन्ही लाटांत या जिल्ह्याचा भार मुख्यतः त्याच्या रुग्णालयानें वाहिला. किल्लारीच्या भूकंपास तीस वर्षें पुरीं होत होतीं, त्याच सुमारास, ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत, त्या रुग्णालयांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात बालकें होतीं. दूरदूरचे रोगी अखेरच्या अवस्थेंत येथें पाठविले जातात, असें रुग्णालयाचें म्हणणें पडलें, व औषधांचा तुटवडा त्यानें नाकारला. खाटांहून रोगी अधिक होते आणि मनुष्यबळ अपुरें होतें, याविषयीं फारसा वाद नव्हता. मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. त्या दिवशीं कोणतीहि साथ नव्हती, भूकंप नव्हता. साधा एक दिवस होता. महासंकटांत उभी राहिलेली संस्था साध्या दिवशीं कां वांकावी? मला याचें उत्तर असें दिसतें कीं, संकटाच्या वेळीं तिच्याकडून दुप्पट काम घेतलें गेलें, स्तुतीहि दुप्पट झाली, आणि संकट सरल्यावर तिच्या रिकाम्या जागा रिकाम्याच राहिल्या. बैल चांगला ओढतो म्हणून त्याच्या वैरणींत वाढ न करतां ओझ्यांतच वाढ करीत गेलें, तर एके दिवशीं तो सपाट रस्त्यावर बसतो.

चिवटपणाची स्तुति म्हणूनच जपून करावी. ती खरी असते, पण पुष्कळदां ती देणें टाळण्याची एक सभ्य रीत होते. 'हे लोक कसेंहि करून निभावून नेतात' असें एकदां ठरलें कीं त्यांना कसेंहि करून निभावावयास लावण्याची मोकळीक मिळते. वर पाहिलेल्या उदाहरणांत जें टिकलें तें सर्व साध्या दिवसांत सांठविलेलें होतें. लातूरच्या रुग्णालयानें सत्तावीस वर्षें रोजचे रोगी तपासले म्हणून तें भूकंपांत कामास आलें. लंगरांत रोज कणीक मळली जात होती म्हणून अडकलेल्यांस घांस मिळाला. विद्यापीठांत यंत्रें व तीं चालविणारीं माणसें होतीं म्हणून तपासणी झाली. जें साध्या दिवसांत सांठविलें नव्हतें, त्याची भरपाई माणसांच्या देहानें करावी लागली.

पुढची साथ कोणत्या नांवानें येईल हें आज कोणासहि सांगतां येणार नाहीं. ती येईल एवढें मात्र इतिहास निश्चित सांगतो. तेव्हां लातुरांत नळाला पाणी किती दिवसांनीं येतें, नांदेडच्या रुग्णालयांत परिचारिकांच्या किती जागा भरावयाच्या राहिल्या आहेत, आणि आपल्या गल्लींत येणाऱ्या आशा कार्यकर्तीस कोणत्या महिन्यापर्यंतचें मानधन पोंचलें आहे, एवढी चौकशी सुशिक्षित कुटुंबांनीं आजच्या साध्या दिवशीं केली, तरी पुढच्या साथीची निम्मी तयारी झाली असें समजावयास हरकत नाहीं.